बुधवारचा चौथा अंक

लेतेब्रहान हॉस्पिटलच्या लाँड्रीतून थेट येते,
बोटांना ब्लीचचा वास,
पिशवीत ते नाटक :
लायब्ररीने मोडीत काढलेली प्रत, दहा पेन्स.

मी आयडा क्लेग, वय एकाहत्तर.
पंधराव्या वर्षी शाळा सुटली, सूतगिरणी लागली,
मग तीही सुटली.
आता दर बुधवारी अ‍ॅक्रिंग्टनच्या लायब्ररीत
वाचायला शिकणाऱ्यांच्या शेजारी बसते.
शिकवते असं म्हणवत नाही.
तिच्यासाठी मी सशाचं सोपं पुस्तक काढून ठेवलं होतं.
ती म्हणाली, सशाशी मला काय बोलायचंय?

म्हणून हे.
चारशे वर्षांपूर्वीचं, पाच अंकी,
दोन सावत्र भाऊ, एक आरमार, एक विहीर,
आणि शेवटी मंचावर पाय ठेवायला जागा नाही
इतकी प्रेतं.

वहीत डावीकडे ती इंग्रजी शब्द लिहिते,
उजवीकडे तिगरिन्या, ती देखणी अक्षरं,
एका पायावर उभ्या पक्ष्यांसारखी.
मधला रकाना माझा.
तिथे मी बरेचदा पेन्सिल चावते.

'अनॉन' म्हणजे आत्ता, लगेच.
मग नोकर पाच वेळा अनॉन म्हणतो
आणि येत का नाही?
मी म्हटलं, आमच्या प्लंबरला भेट एकदा.
तिने मधल्या रकान्यात लिहिलं : प्लंबर.

मग 'नेश'. शब्दकोश म्हणतो, लुप्त.
लुप्त कसला!
ऑक्टोबरात दुसरा स्वेटर चढवणाऱ्या कोणालाही
आई नेश म्हणायची, शिवी द्यावी तसं,
आणि मग तिसरा आणून द्यायची.
शब्दकोशवाले आमच्या गल्लीत आलेच नसावेत.
किंवा आले, आणि थंडी वाजून परत गेले.

चौथ्या अंकात दोघे भाऊ विहिरीपाशी.
थोरला वाकून पाणी दाखवतो.
मी पुढे वाचणार
तोच तिने पानावर हात ठेवला.
"हा आता ढकलणार."
तुला कसं कळलं?
"इतका वेळ तो त्याला यू म्हणत होता.
इथे दाऊ म्हणाला."

मी तीन अंक मागे गेले. खरंच.
मेजवानीत यू, दरबारात यू,
बापाच्या शवपेटीपाशीसुद्धा यू,
आणि इथे काठावर, पहिल्यांदाच, तू.

"तुमच्याकडे एकच यू," ती म्हणाली,
"न्यायाधीशालाही तोच, मांजरालाही तोच.
कोण किती जवळ उभा आहे
हे तुम्हाला कळतं तरी कसं?
अचानक तू म्हणतात ते दोघांनाच.
एक, जो आपला झाला.
दुसरा, ज्याचं आता काही राखायचं नाही."

बाबा गिरणीतून आले की आईला म्हणायचे, बस, तू बस आता.
दाऊच म्हणायचे, आमच्या बोलीतला, अर्धा गिळलेला.
मुकादमाला कधी नाही.
माझ्या तोंडातला तो
मिस ऑर्मरॉडने पट्टी मारून मारून काढला.
अडाणी बोलणं, म्हणाली,
हे बोलून कुठे नोकरी मिळणार नाही.
मिळाली. गिरणीत. तिथे सगळे तेच बोलत होते.
मी मात्र बोलत नव्हते.

आणि तो इथे होता, इतकी वर्षं,
राजवाड्यातल्यांच्या तोंडी, सोनेरी कडांच्या पानांत.
ज्याची मला जन्मभर लाज वाटली
त्या एका शब्दाने
आरमाराचा वारस पाण्यात जातो.

मधला रकाना मी कोराच ठेवला.
ती काही बोलली नाही.
तिने उजवीकडे दोन शब्द लिहिले,
एकाखाली एक. मला वाचता येत नाहीत.

साडेपाचला दिवे मालवतात.
दारात तिने शाल दोनदा गुंडाळली.
मी म्हटलं, नेश.
ती हसली, पायरीवर माझ्या मागे उभी राहिली,
खांद्यावर हात ठेवून म्हणाली :
दाऊ जपून जा, आयडा.

पायऱ्या ओल्या होत्या.
मीही हसले,
आणि कठडा घट्ट धरून उतरले.